पुडी एक, पाणी एक लिटर

पावसाळा लागून नदीनाल्यांना गढूळ पाणी आले की आमच्या मौद्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. पुष्कळ आया आता घरूनच मुलाला जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसची पुडी, पाजून आणतात. ही समाधानाची गोष्ट आहे. पण पुडी किती पाण्यात कालवली असे विचारले की उत्तर येते, "एक गिलास." लिटरभर पाण्याची पुडी एका पेल्यात! वर मलाच विचारतात, "एवढंसं लेकरू लिटरभर पाणी कसं पिईल जी?" औषध दाट तर गुण अधिक, हा समज काढ्याला लागू असेल, येथे तो लेकराच्या जिवावर बेतू शकतो.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळात पाणी सुटते. मनुका साध्या पाण्यात टाकला की रात्रीतून फुगतो. मिरचीच्या रोपाच्या बुडाशी युरिया जास्त पडला तर मातीत ओल असूनही रोप सुकते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी सहज ये-जा करते, मीठ-साखर तशी जात नाही. म्हणून जिकडे मीठ-साखर दाट, तिकडे पाणी ओढले जाते. शाळेच्या पुस्तकात यालाच परासरण म्हणतात. (फुप्फुसातला प्राणवायू रक्तात उतरतो ते विसरण, तेथे पदार्थ स्वतःच दाटीतून विरळ जागी पसरतो.)

आता आतड्याकडे पाहू. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात अख्खी पुडी कालवली तर ते द्रावण रक्ताच्या सुमारे चौपट दाट होते. ते शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. शिवाय रक्तात मीठ वाढले की मेंदूच्या पेशींतले पाणी बाहेर येते. मूल चिडचिड करते, कधी झटकेही येतात.

लिटरभर पाण्यात तीच पुडी खरोखर संजीवनी आहे. तीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि थोडे इतर क्षार असतात. मिठातले सोडियम व ग्लुकोज आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. कॉलऱ्यातसुद्धा हे दार उघडे असते. १९७१ साली बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत असे पाणी भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले. पुढे २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे मिश्रण आणखी पातळ केले, कारण पातळ मिश्रणाने जुलाब व उलट्या कमी होतात असे दिसून आले.

मग दुकानातल्या गोड पेयांचे काय? ओआरएस असे नाव मिरवणाऱ्या कित्येक पेयांत साखर या मापाच्या कितीतरी पट असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे याविरुद्ध झगडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली. उशिरा का होईना, योग्य झाले. जुलाबाच्या मुलाला शीतपेय किंवा डबाबंद रस मुळीच देऊ नये.

"त्यापेक्षा एक सलाईन लावून द्या ना," हा हट्ट रोजचाच. साध्या सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही. त्यात ताकद कसली? मूल पिऊ शकत असेल तर पुडीचे पाणी पुरेसे आहे. मूल सुस्त पडले, काहीच पिईना, उलटी थांबेना, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

पाणी उकळून गार केलेले घ्यावे. पुडी मोठी की दोनशे मिलिलिटरची छोटी, ते वाचावे आणि तेवढेच पाणी मोजावे. वरून साखर घालू नये. पुडी नसल्यास लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ चालेल. लेकराने एका दमात लिटर पिण्याची गरजच नाही. चमच्याचमच्याने दिवसभर पाजावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले पाणी फेकून नवे करावे.