खापर कोणावर फोडायचे?

संपादक महोदय,

तिवरे धरण अतिवृष्टीने फुटले, हे आपल्याकडील लेखातले निदान पटत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले ते धरण फुटल्यावर तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले होते. लेखकाने ते पावसावर फोडले, एवढाच फरक! गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. मातीच्या भरावातून थोडे पाणी पाझरणारच, हे मान्य. पण पाझर गढूळ झाला की आतली माती वाहून जात असते, आणि ते बघायला पायथ्याशी माणूस लागतो. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पुरेसा आहे म्हणावे, तर 10 मीटरपर्यंतची धरणे त्याच्या कक्षेबाहेरच आहेत. निदान त्यांचे पावसाळ्यापूर्वीचे तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

– एक वाचक, रत्नागिरी