बक्षीस कोणाच्या खिशातून?



ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. तीन दिवसांत झालेला हा कायदा आमच्या घरांत मात्र अर्धाच पोचलाय. आईबाप समजतात, मोबाईलवरचे सगळे गेम बंद झाले. पोरं समजतात, रमी आणि पैसे लावून क्रिकेटचे संघ निवडणं तेवढं बंद झालं, आपल्या टूर्नामेंटला कोण विचारतो? दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि पोरांची जास्त धोक्याची.

तसा हा वाद जुनाच. बेळगाव मुंबई राज्यात होतं, तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि साप्ताहिकांतून बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. कोडं भरायचं, फी पाठवायची आणि निकालाची वाट पाहायची. १९५५ साली केंद्राने कायदा करून महिन्याची एकूण बक्षिसं हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर आणून बांधल्या. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा उचलून धरला, पण तो नशिबाच्या स्पर्धांनाच लागू, कौशल्याच्या नाही, असं सांगितलं. पुढे मोबाईलवरचा सगळा धंदा या ‘कौशल्य’ शब्दाच्या आडोशाला उभा राहिला.

मग राज्याराज्यांनी आपापले बांध घातले. तेलंगण आणि आंध्रने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. कर्नाटकाने २०२१ च्या ऑक्टोबरात बंदी आणली. फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. त्या काळात बेळगावच्या मुलाला कितीतरी अॅपवर प्रवेश नाही, आणि पलीकडे चंदगडच्या मुलाला तोच खेळ मोकळा! सीमाभागातल्या आम्हाला असल्या गमती नव्या नाहीत.

नव्या कायद्याने हा बांध काढला आणि कौशल्य की नशीब हा प्रश्नही बाजूला ठेवला. जास्त पैसे मिळतील या आशेने पैसे भरून खेळलात, की तो ‘पैशांचा खेळ’, आणि तो चालवायला बंदी. अशा खेळांत वर्षाला वीस हजार कोटींवर रुपये बुडतात, असं सरकार सांगतं. अपवाद फक्त ई-स्पोर्ट्सचा. तिथे बक्षीस चालतं, प्रवेश फीही चालते, पण फी प्रवेशापुरती किंवा आयोजनाच्या खर्चापुरतीच हवी. बक्षीस खेळातल्या कामगिरीवर हवं, कुणीही पैज लावता कामा नये, आणि खेळ मान्यताप्राप्त व नोंदणी झालेला हवा.

आता आपल्या गल्लीत काय चालतं ते पाहा. कॉलेजातला एखादा पोरगा व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढतो. प्रत्येकाकडून पन्नास रुपये मोबाईलवरून घेतो, नेमबाजीच्या गेमची ‘रूम’ लावतो, जमलेल्या पैशांतून जिंकणाऱ्याला बक्षीस देतो, उरलेले स्वतः ठेवतो. त्याच्या मते ही टूर्नामेंट. कायदा शब्दशः वाचला तर हा पैशांचा खेळ, आणि तो पोरगा चालक. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकोणीस वर्षांच्या पोराला हे कुणी सांगितलंय का?

म्हणून मी पालकांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: बक्षीस कोणाच्या खिशातून येतं? प्रायोजक किंवा गेमची कंपनी देत असेल, तर ती स्पर्धा. हरणाऱ्यांच्या फीमधून येत असेल, तर नाव काहीही द्या, तो जुगारच. खेळाला नोंदणी आहे का, हेही विचारा.

सरकारलाही सांगणं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्हीच ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिलीत. मग कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या छोट्या स्पर्धेसाठी नोंदणी सोपी आणि स्वस्त ठेवा. नाहीतर मोठ्या कंपन्यांना दार उघडं आणि गावच्या पोरांना कुलूप, असं व्हायचं. आणि चोर्ला घाट उतरून गेलं की मांडवीत कॅसिनोंची जहाजं उभी आहेतच. २०२० पासून तिथे गोंयकारांना जुगार खेळायला प्रवेश नाही, पण आमच्या बेळगावच्या गाड्यांचं स्वागत आहे. घरच्यांसाठी जे वाईट, ते पाहुण्यांसाठी चांगलं कसं?

कुणी म्हणेल, मास्तर, आपल्या फेस्ताला हाऊजी असते, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. हाऊजीला वीस रुपये घालवून माणूस चार लोकांसमोर हसत घरी जातो. मोबाईलची तिकीटखिडकी रात्री दोनलाही उघडी असते, आणि पोरगा किती हरला हे शेजारच्या खोलीतल्या आईलाही कळत नाही. तरीपण हाऊजीचा आकडा वाढू लागला, तर तिथेही हाच प्रश्न विचारायला आपण लाजू नये.

या कायद्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे. निकाल काहीही लागो, मुलांशी बोलायला निकालाची वाट पाहायची गरज नाही.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव