जंगलाच्या बदल्यात जंगल, पण कुठलं?

आजची नोंद शेतातली नाही, मुंबईतली आहे.

दरवर्षी एप्रिलात कोलमच्या दोन गोणी घेऊन मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जातो. तिथं एक कोळीण मावशी आहेत, त्यांना तांदूळ द्यायचा आणि पावसाळ्यापुरती सुकट, बोंबील घेऊन यायचं. वडिलांपासून चाललंय. मावशी तांदूळ तळहातावर घेऊन बघतात, मी सुकटीचा वास घेतो, मग माप ठरतं.

या वेळी पोचलो तेव्हा नळाला पाणी आलेलं. पिंप भरता भरता मावशी म्हणाल्या, "भाऊ, हे पानी तुमच्याकडचंच ना?" म्हणलं, आमच्याकडचंच. मोडक सागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, सगळी तळी आमच्या अंगाला. मुंबईला रोज चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं, त्यातलं बहुतेक शंभर किलोमीटरवरून येतं. आणि त्याच एप्रिल-मे मध्ये शहापूर, मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. मावशींना ते खरं वाटेना.

आता आमच्या वाडा तालुक्यात ओगद्याजवळ महापालिका गारगाई नदीवर आणखी एक धरण बांधणार आहे. मध्यंतरी बाजूला ठेवलं होतं, आता पुन्हा पुढे सरकलंय. रोज ४४ कोटी लिटर पाणी मिळणार, ते बोगद्यातून मोडक सागरात जाणार. त्यात साडेसहाशे हेक्टरच्या वर वनजमीन जाते, तीही तानसा अभयारण्यातली. झाडं लाखांत. ओगदा, खोडदा, तिळमाळ, पाचघर ही गावं उठणार ते वेगळंच.

धरण नकोच असं मी म्हणत नाही. मावशींचं पिंपही भरलं पाहिजे. माझं म्हणणं बदल्यात मिळणाऱ्या जमिनीबद्दल आहे. वनसंवर्धन कायदा १९८० चा. जंगल घेतलं की साधारण तेवढीच बिगरवन जमीन वनखात्याला द्यायची आणि तिथं झाडं लावायची. पण जवळ नाही मिळाली तर दुसऱ्या जिल्ह्यातली चालते. वर्सोवा-भाईंदर रस्त्यात कांदळवन जातंय, त्याच्या बदल्यातलं वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात. हे सांगितल्यावर मावशी हसायला लागल्या. म्हणाल्या, "चंद्रपूरला खेकडी चढणार काय?"

मंडळी, जमिनीची अदलाबदल आपल्याला नवी नाही. सरकारने २०२३ मध्ये सलोखा योजना काढली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात १२ वर्षं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी भरून कागद सरळ करता येतात. मी स्वतः भावकीत एक तुकडा बदलून घेतलाय. सहीच्या आधी दोघं बांधावरून फिरलो. पाणी कुठून येतं, कुठं उतरतं, माती किती खोल, सगळं बघितलं. गुंठे सारखे आहेत म्हणून कोणी लवणातली भातजमीन देऊन माळावरचा मुरूम घेईल का?

जंगलाचंही तेच. धरणाच्या वरच्या डोंगरावर झाडं असतील तर पाऊस मुरतो आणि झरे दिवाळीनंतरही चालतात. डोंगर उघडा असेल तर पहिल्या पावसातच माती खाली येते आणि धरणात गाळ बसतो. आमच्या शेतामागचा ओहोळ पूर्वी होळीपर्यंत वाहायचा. वरची टेकडी मोकळी झाल्यापासून पौषातच आटतो. दुसऱ्या जिल्ह्यात लावलेलं झाड तिथल्या मातीला धरेल, गारगाईच्या नाही.

पुतण्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या सिएटल शहराचं वाचून दाखवलं. सीडर नदीचं पाणी ते शहर पितं. पाणलोटातली जी जमीन सरकारी वनखात्याकडे होती, ती त्यांनी १९९० च्या दशकात बाहेरची जंगलं देऊन बदलून घेतली. आज तो सगळा पाणलोट शहराच्या ताब्यात आहे. म्हणजे बदली करून त्यांनी पाणलोट एकसंध केला. आपल्याकडे बदलीत पाणलोटातलं जंगल जाणार आणि येणार कुठलं तरी तिसरंच. मुंबईलाही हे नवं नाही. विहार आणि तुळशी तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातच आहेत, शहराच्या पोटात असून.

तेव्हा बदल्यातली जमीन वैतरणा-गारगाईच्या खोऱ्यातलीच पाहिजे. वाडा, मोखाडा, जव्हारात उघडे उतार कमी नाहीत. एका जागी साडेसहाशे हेक्टर मिळणार नाही हे मलाही कळतं, तुकड्यातुकड्यांनी घ्या. महापालिकेने बाजारभाव देऊन, राजीखुशीने विकणाऱ्याकडून घ्यावी. एक भीती मात्र आहे. मोकळी जमीन शोधायला निघाले की पहिला डोळा आदिवासींच्या दळी प्लॉटांवर आणि गुरचरणीवर जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे ज्यांचे अजून अडकलेत, त्यांच्या नाचणी-वरईच्या जमिनीत खड्डे मारून साग लावला तर त्याला बदली म्हणू नका.

तुमच्या गावात गारगाईच्या नावाने जमिनीची मोजणी चालू असेल तर ग्रामसभेत आधी गट नंबरांची यादी मागा. आमच्याकडे मी अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देतो. राब भाजायचं अर्धं राहिलंय, ते उद्या.