विश्लेषण : पहिली गाडी ‘मॉडिफाय’ करण्याआधी आरसी बुक का वाचावे?

यवतमाळ, पुसद किंवा वणीत एखाद्या तरुणाच्या हाती पहिली सेकंडहँड गाडी आली, की बदलांची यादी बहुधा ठरलेली असते. रुंद टायर, आवाज करणारा सायलेन्सर, पुढे लोखंडी गार्ड, जादा वॅटचे हेडलाइट आणि काचांना काळी फिल्म. यातील सायलेन्सर, गार्ड आणि काळी फिल्म या तिघांना कायद्यात जागा नाही. हेडलाइट वायरिंग जाळू शकतात. उरले टायर. ते हिशेबाने निवडले तर चालतात. पहिल्याच प्रकल्पात पैसे आणि गाडी दोन्ही अडकू नयेत, यासाठी काय पाहावे?

कायदा नेमके काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील म्हणजे आरसीतील तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने याचा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निर्णय रद्द केला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाचा हा निकाल. ‘मॉडिफिकेशनवर सरसकट बंदी’ असा त्याचा अर्थ समाजमाध्यमांवर फिरला, तो बरोबर नाही. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, मॅट यांचा आरसीशी संबंध नाही. इंजिन, चॅसी, आसनसंख्या, इंधन यांचा आहे. गाडीचा रंगही आरसीत नोंदलेला असतो, त्यामुळे लाल गाडी काळी केली तर आरटीओत नोंद बदलावी लागते.

दंड किती?

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९० (२) वेगळे आहे. त्यात पहिल्याच गुन्ह्यात १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची तरतूद आहे. लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले. काचांबाबत नियम पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत येण्याचा आहे.

हात कुशल असणे पुरेसे आहे का?

महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या २४ वर्षीय वेल्डिंग कारागिराने मारुती ८०० चे इंजिन वापरून एक आसनी हेलिकॉप्टर बांधले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी सुरू असताना पाते तुटून डोक्याला लागले आणि त्याचा मृत्यू झाला. हेलिकॉप्टर आणि मोटार यांची तुलना ओढून-ताणून करण्याचे कारण नाही. पण एका भारासाठी बनवलेला भाग दुसऱ्या भाराखाली किती टिकतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच, आणि तो गॅरेजमध्ये डोळ्यांनी पाहून सुटत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांची भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने प्रशासन आज ना उद्या ती थांबवेल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. अशी बोलेरो सर्वांच्या नशिबात नसते.

टायरचा हिशेब कसा करायचा?

१६५/८० आर १४ या टायरची उंची काढू. १६५ मिलिमीटरच्या ८० टक्के म्हणजे १३२. वर आणि खाली मिळून २६४. त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिलिमीटर. आता १८५/६५ आर १५ घेतला तर उंची ६२१.५ येते, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. २०५/६५ आर १५ ची उंची मात्र ६४७.५ होते, म्हणजे साडेचार टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०४ च्या पुढे असते, टायर वळताना आतल्या फेंडरला घासू शकतो, पिकअप मंदावतो. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा मेकॅनिकांचा जुना ठोकताळा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो टायर देते तोच घेणे. त्याची चाचणी कंपनीनेच केलेली असते.

हेडलाइट का जळतात?

नेहमीचा एच४ बल्ब ६० वॅटचा. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर ओढतो, दोन मिळून १०. बाजारातील १०० वॅटचे दोन बल्ब जवळपास १७ अँपिअर ओढतात, वायर आणि स्विच मात्र जुनेच. विदर्भाच्या मे महिन्यात बॉनेटखाली मुळातच उष्णता असते; होल्डर वितळतो आणि पुढचे सांगायला नको. जास्त करंटची कोणतीही वस्तू, मग तो म्युझिकचा अँप्लिफायर का असेना, स्वतंत्र वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज लावूनच जोडावी. काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून पाहावी. खर्च कमी आणि उजेडातला फरक पंढरकवड्याच्या महामार्गावर रात्री कळतो.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट?

कायदा याला वाट देतो, पण किट मान्यताप्राप्त हवे आणि आरसीत इंधनाची नोंद हवी. इलेक्ट्रिक किटच्या मान्यतेसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. सीएनजी सिलिंडरची तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. बदलाची माहिती विमा कंपनीलाही कळवावी. ही पायरी सर्वाधिक वगळली जाते. हप्ता थोडा वाढतो म्हणून लपवलेले किट अपघातानंतर सर्व्हेअरला दिसतेच आणि दावा तिथेच अडकतो.

बजेट बेतात असेल तर आधी ब्रेक, सस्पेन्शनचे बुश आणि वायरिंग मूळ स्थितीत आणण्यात पैसा घालावा. आणि काढलेले मूळ भाग भंगारात विकू नयेत. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासायला न्यावी लागते, तेव्हा जुना सायलेन्सर पुन्हा शोधत नागपूरपर्यंत फिरण्याची वेळ येते.