गंज कोठवर पोचला आहे?

पुणे–अहिल्यानगर महामार्गावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास मालाची वाट पाहत उभे असलेले ट्रक ही नित्याचीच गोष्ट आहे. महागणपतीच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू त्यांच्याजवळून जातो तेव्हा त्याच्या डोळ्यांत भरतात ते नव्याने रंगविलेले फाळके आणि काचेपुढे टांगलेले लिंबू-मिरची. ट्रकचे खरे वय मात्र या रंगात दिसत नाही. ते चालकाच्या केबिनपासून मागच्या दिव्यांपर्यंत गेलेल्या दोन लांब पोलादी पट्ट्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांत, म्हणजे चासीत, दडलेले असते. ही चासी गंजली की मालकापुढे तीन वाटा उरतात. वेल्डिंग करून ती दुरुस्त करावी, नवी चासी घालावी, की सारा ट्रकच मोडीत काढावा? वरकरणी हा गॅरेजमधील प्रश्न वाटतो. पण त्याच्या उत्तरावर एका कुटुंबाची भाकरी आणि रस्त्यावरील अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणूनच तो सार्वजनिक प्रश्न ठरतो.

प्रथम गंजाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. सगळा गंज सारखा नसतो. पृष्ठभागावरचा तांबूस थर खरवडून, गंजरोधक रंग देऊन थांबविता येतो; त्यास भिण्याचे कारण नाही. धोका असतो तो दोन पत्र्यांच्या सांध्यात साचलेल्या गंजाचा. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तो फुगतो, पत्रे एकमेकांपासून दूर रेटतो, रिव्हेटी सैल करतो आणि बाहेरून रंग शाबूत असताना आतून जाडी खातो. न्हावाशेवा बंदराकडे कंटेनर नेणारा ट्रक खाऱ्या हवेत उभा राहतो. खत वाहणाऱ्या ट्रकच्या सांध्यांत क्षार झिरपतात. उसाच्या वाहतुकीत रस आणि चिखल चिकटून बसतो. एकाच वर्षी कारखान्यातून निघालेल्या दोन ट्रकांच्या चासी पंधरा वर्षांनी अगदी निरनिराळ्या अवस्थेत आढळतात, त्या याच कारणाने.

गंज कोठे लागला आहे, हे तो किती आहे याइतकेच महत्त्वाचे असते. पुढील व मागील चाकांच्या मधल्या भागावर भार पडला की लांब पट्ट्याची खालची किनार ताणली जाते आणि वरची दाबली जाते. मधल्या उभ्या पत्र्यावर हा ताण तुलनेने थोडा असतो. म्हणून उभ्या पत्र्यातील लहानसे छिद्र कसबी कारागीर निर्धोकपणे बुजवू शकतो, परंतु किनारीतील किंवा पाटे जेथे बसविलेले असतात तेथील खड्डा हा भावी तड्याचा आरंभ असतो. अशा जागी घाईने लावलेले ठिगळ पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठरते. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचे पोलाद बदलते आणि ठिगळाची कड सरळ आडवी असेल तर सारा ताण त्याच रेषेवर येऊन पडतो. किनारीला छिद्र पाडू नये वा वेल्डिंग करू नये, असे निर्माते बजावतात ते उगीच नव्हे.

येथे थोडे गणित उद्बोधक ठरेल. आठ मिलिमीटर जाडीच्या किनारीतून दोन मिलिमीटर गंजाने खाल्ले, तर स्थूलमानाने एक चतुर्थांश ताकद गेली आणि त्याच भाराने पडणारा ताण एक तृतीयांशाने वाढला. त्यात माल वीस टक्के जादा भरला की ताण मूळच्या १.६ पट होतो. वेल्ड केलेल्या पोलादी सांध्याचे आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. १.६ चा घन चारच्या वर जातो. म्हणजे जो सांधा आठ वर्षे टिकावयाचा तो दोन वर्षेही टिकत नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये आसभाराची मर्यादा वाढविली आणि चार टायरांच्या एका आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन भार ग्राह्य धरला. मर्यादा कागदावर वाढली म्हणून जुन्या चासीची जाडी काही वाढत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

मग निर्णय कोणत्या कसोटीवर व्हावा? सध्याच्या चर्चेत एकच कसोटी पुन्हा पुन्हा ऐकू येते, ती म्हणजे वयाची. जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील जड मालवाहू वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे शुल्क १२,५०० रुपये करण्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय व सार्वजनिक महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणीच संपुष्टात आणली गेली. न्यायाने बोलावयाचे तर, खासगी व्यावसायिक वाहनांपुरते मूळ धोरण वय पाहून नव्हे, तर तपासणीत नापास झालेले वाहन मोडीत काढण्याचे आहे. पण शुल्काची शिडी वयाप्रमाणे चढत गेली की व्यवहारात वय हीच कसोटी होऊन बसते.

वयाची रेघ सर्वस्वी निरर्थक आहे असे नाही. धुराच्या बाबतीत ती बरीचशी सार्थ आहे. इंजिन कोणत्या उत्सर्जन मानकाचे, हे ते तयार झाले त्या दिवशीच ठरलेले असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले, त्यापूर्वीचे इंजिन केवळ डागडुजीने त्या मानकाचे होत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर घातलेली बंदी याच विचारातून आली होती. चासीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिचे आयुष्य पंचांगावर नव्हे, तर भारावर, क्षारांवर आणि निगेवर ठरते. धुरासाठी योग्य असलेली रेघ चासीला लावली की सुक्याबरोबर ओलेही जळते. त्याहून वाईट असे की, आठच वर्षांची पण आतून पोखरलेली चासी त्या रेघेच्या अलीकडे निर्वेध धावत राहते.

योग्य निर्णय कसा घेता येतो याचे उदाहरण याच रस्त्याशी निगडित आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे–नगर मार्गावरच धावली. त्या परिवहन सेवेने पुढे दापोडी येथे मध्यवर्ती कार्यशाळा चालविली. तेथे जुन्या गाडीचा सांगाडा उतरवून मूळ चासीवर नवी पोलादी बांधणी करण्याचे काम अलीकडच्या वर्षांतही झाले. प्रश्न तोच होता. पण तेथे कार्यशाळा होती, अभियंते होते, प्रत्येक गाडीच्या दुरुस्तीची नोंद होती. एकाच ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकापाशी यांपैकी काहीच नसते. त्याच्यापाशी असतो वेल्डरचा शब्द, कर्जाचा हप्ता आणि उद्याच्या फेरीचे भाडे. तो दुरुस्तीचा पर्याय निवडतो, तो बहुधा अज्ञानाने नव्हे. दुसरे काही परवडत नाही म्हणून.

नवी चासी घालण्याची वाट इंजिन, गिअरपेटी व केबिन सुस्थितीत असतील तेव्हाच शहाणपणाची ठरते. शिवाय चासी हा केवळ सुटा भाग नव्हे. तिच्यावर कोरलेला क्रमांक हीच कायद्याच्या दृष्टीने वाहनाची ओळख असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जुना क्रमांक नव्या चासीवर स्वतःच ठोकणे म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण होय. भंगारात गेलेल्या ट्रकची चासी दुसऱ्या ट्रकखाली घालणे तर दुहेरी घातक, कारण एकाने टाकलेला धोका दुसरा विकत घेतो.

मोडीत काढण्याचा हिशेब तरी सोपा आहे काय? धोरणानुसार भंगाराची किंमत नव्या वाहनाच्या किमतीच्या चार ते सहा टक्के अपेक्षित आहे. नवा ट्रक पंचवीस लाखांचा धरला तर हाती येतात एक ते दीड लाख. नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. ही मदत खरी आहे, पण ती नवा ट्रक घेऊ शकणाऱ्यालाच मिळते. ज्याला नवा घेणे शक्य नाही, त्याच्या दृष्टीने ट्रक मोडीत काढणे म्हणजे धंदाच मोडीत काढणे होय. असा माणूस गंजावर रंग फासून तपासणीला गेला, तर दोष त्याचा आहेच. पण त्याला प्रामाणिकपणा परवडू न देणाऱ्या व्यवस्थेचाही आहे.

यास्तव उपाय दोन्ही बाजूंनी हवेत. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये झाले. तेथील यंत्रे ब्रेक, दिवे, धूर मोजतात. चासीचा गंज मात्र मुख्यत्वे डोळ्यांवरच सोपविला जातो. ध्वनिलहरींनी धातूची जाडी मोजणारे उपकरण हाती धरण्याजोगे असते. पाट्यांच्या बैठकी, किनारी व सांधे अशा ठरावीक जागी दरवर्षी जाडी मोजून ती प्रमाणपत्रावर नोंदविली, तर दुरुस्ती, बदल की मोड याचे उत्तर वादाचे न राहता मापाचे होईल. चांगल्या चासीच्या मालकाला वयाचा दंड भरावा लागणार नाही आणि वाईट चासीला तरुणपणाची सबब मिळणार नाही. ट्रकच्या चासीचे वेल्डिंग हे खिडकीच्या गजांच्या वेल्डिंगहून निराळे कसब आहे, हे ओळखून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून त्याचे स्वतंत्र शिक्षण व प्रमाणपत्र दिले पाहिजे. मोडीत काढलेल्या ट्रकच्या ठेव-प्रमाणपत्रावर जुन्यापैकी पण निर्धोक ट्रक घेण्यासाठीही कर्ज मिळाले, तर लहान मालकाला उभे राहण्यास जागा उरेल.

जबाबदारी माल पाठविणाऱ्यांवरही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद झाली. हा दंड वाहन चालविणाऱ्याला तसाच ते चालवावयास लावणाऱ्यालाही लागू आहे. कारखान्याच्या फाटकावर वजनकाटा असतो, पहारेकरी असतो, आत येणाऱ्या ट्रकच्या कागदपत्रांची नोंद होते. त्याच फाटकावर चासीच्या जाडीची नोंद मागितली जाऊ लागली, तर सर्वांत स्वस्त भाड्याचा ट्रक पुष्कळदा सर्वांत पोखरलेला का असतो, याचा विचार करणे कारखानदारांनाही भाग पडेल.

गंजलेल्या ट्रकचे भवितव्य आज तीन ठिकाणी ठरते: जन्मतारखेच्या रकान्यात, सावकाराच्या वहीत आणि वेल्डरच्या अंदाजात. ज्या पोलादावर सारा भार आहे त्याला मात्र कोणी विचारीत नाही. ते पोलाद मोजले पाहिजे, आणि त्याने दिलेले उत्तर मानण्याची ऐपत मालकाच्या अंगी आणली पाहिजे. यांपैकी एकच गोष्ट करून भागणार नाही. कारण ती चासी मोडेल तेव्हा ती मालकाच्या अंगणात मोडणार नाही. ती भर रस्त्यात मोडेल आणि तिच्या मागून दुचाकीवर कामाची पाळी गाठण्यासाठी निघालेला कोणी तरी येत असेल.