पळताय कशाला, सरळ द्या ना!

चांगल्या कामासाठी वर्गणी मागितली की आपला माणूस आधी तत्त्वज्ञ होतो. येत्या जानेवारीत मी मुंबईची मॅरेथॉन पळणार (आयुष्यातली पहिली, वय सेहेचाळीस, वजन विचारू नये) आणि त्यानिमित्त, मुंबईत उपचाराला येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांच्या राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी पैसे जमवणार, असं मी जाहीर केलं मात्र, अख्ख्या राळेगावात तत्त्वज्ञांचं पीक आलं. कपाशीवर निदान बोंडअळी तरी पडते!

"पयून का बिमारी बरी होते भाऊ? पैसे द्याचेच हायेत तं सिधे देऊन टाका ना!"

या 'सिधे'लाच माझी हरकत आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला कारकून. सरळ देणाऱ्यांची खाती रोज माझ्यासमोर उघडी असतात. गोपनीयता आड येते म्हणून नावं सांगत नाही. पण सरळ दिल्याची नोंद शोधायची तर भिंग लागेल. आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्राला हजाराची पावती फाडताना "गाऊन का पाऊस पडते?" असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या आसनांसमोर पोचायचं, म्हणून हे आडनिडं माप पडलं. राळेगावहून यवतमाळ साधारण तितकंच, किंचित जास्त म्हणा. तालुक्यातला पेशंट मोठ्या तपासणीसाठी एसटीत उभ्याने तिथे जातो आणि परत येतो. म्हणजे एका दिवसात दोन मॅरेथॉन. त्याच्या गळ्यात कोणी पदक घालत नाही, हातावर केळंही ठेवत नाही.

पुढे डॉक्टरांनी "मुंबईला दाखवा" म्हटलं की वर्ध्याहून गाडी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मग परळचं टाटा रुग्णालय. ते 1941 पासून उभं आहे, गरिबाला उपचारांत सवलतही मिळते. पण एका केमोपासून दुसऱ्या केमोपर्यंतचे दिवस काढायचे कुठे? कित्येकजण फूटपाथवर पथारी टाकतात. इकडे माझ्या टेबलावर पीककर्जाचा अर्ज येतो. कारणाच्या रकान्यात 'बी-बियाणे' असतं आणि मला ठाऊक असतं की हे बियाणं परळला पेरलं जाणार आहे. मी शिक्का मारतो. दुसरं काय करणार?

मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. ती सुटते त्याच टर्मिनससमोरून, जिथे आमचा माणूस फाइल छातीशी धरून उतरतो.

मागणाऱ्याने आधी घाम गाळावा, ही काही विलायती टूम नव्हे. आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा (निधन 1956) गावात शिरले की खराटा हाती घेत, गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. लोकांच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. "बाबा, झाडताय कशाला, सरळ मागा ना" म्हणणारा कोणी भेटला असता, तर बाबांनी खराट्याचा दुसरा उपयोग दाखवला असता. आणि विलायती उदाहरणच हवं असेल तर टेरी फॉक्स घ्या. कॅनडातल्या ह्या तरुणाचा एक पाय कर्करोगाने गेलेला. 1980 साली कृत्रिम पायावर तो 143 दिवस, रोज जवळजवळ मॅरेथॉनभर पळाला. मागणं काय, तर दर देशबांधवामागे एक डॉलर.

आता एक मुद्दा तत्त्वज्ञांना सोडून देतो. वर्गणीतून बूट घेणारा, फोटोसाठी पळणारा गडी दारात आला तर खुशाल हाकला. माझे जोडे, तिकीट, प्रवेश फी, सगळं माझ्या नावे; जमा मात्र थेट संस्थेच्या खात्यात.

आणि तरीही तुम्हाला सरळच द्यायचं असेल, तर फारच उत्तम. त्या खात्याचा नंबर मला तोंडपाठ आहे. काउंटर साडेदहाला उघडतं, तोवर मी कळंब रोडवरून पळून, आंघोळ करून हजर असतो. तुम्हा सरळवाल्यांची रांग दिसली की पळणं त्याच दिवशी बंद! गुडघे रोज सकाळी विचारतात, लागली का?