छोटी लाईन भंगारात जाऊ देऊ नका

नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. ब्रॉडगेजसाठी ती बंद करावी लागली, याबद्दल आमची तक्रार नाही. उमरेड, भिवापूर, नागभीडच्या लोकांनी मोठ्या गाडीची वाट वर्षानुवर्षं पाहिली आहे, ती लवकर धावो. मात्र तिच्या कामात छोट्या लाईनीच्या खुणा कायमच्या पुसल्या जाऊ नयेत. त्या वाचवायच्या असतील तर काम आत्ताच सुरू करावं लागेल.

बंगाल नागपूर रेल्वेची ही अडीच फुटी लाईन 1908 मध्ये नागभीडला आली. गोंदियाकडूनही वडसा, ब्रह्मपुरीमार्गे रूळ आले, आणि 1913 पर्यंत पुढचा फाटा सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टला पोचला. झाडीतलं नागभीड हे धानाचं गाव तीन दिशांचं जंक्शन झालं. जंक्शन झालं म्हणजे काय झालं? रेल्वेची क्वार्टर्स आली, हमाल आले, गँगमन आले, धानाचे अडते आले, फलाटाबाहेर चहाच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. रात्रीची गाडी चुकली तर कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम ठरलेला. नागभीडचा इतिहास लिहायला बसलात तर निम्मी पानं स्टेशनावरच लिहावी लागतील.

रूळ टाकले गेले ते माल नेण्यासाठी, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. वरोऱ्याचा कोळसा हवा होता म्हणून 1877 मध्ये वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत गाडी आली. त्यानंतरही आमच्या जंगलातलं सागवान आणि बांबू रेल्वेनेच बाहेर गेलं. ज्यांचं जंगल, त्यांच्या पदरात त्यातलं फार थोडं पडलं. तरीही लोकांनी ही छोटी गाडी आपलीशी केली. टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, नागपूरच्या दवाखान्यात निघालेले म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळ्यांना परवडणारं तिकीट तिचंच होतं.

गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्यानंतर नागभीडला एक दृश्य रोज दिसायचं. चंद्रपूरकडून आलेले प्रवासी मोठ्या गाडीतून उतरायचे आणि गाठोडी, पोरं सांभाळत छोट्या गाडीकडे धावायचे. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. जागा मिळाली तर मिळाली, नाही तर दारात पाय लोंबकळत उमरेडपर्यंत. दोन काळ एकाच स्टेशनात शेजारी उभे होते, आणि ते पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये झाला, पण इतकी वर्षं त्याच्या वाट्याला याच मार्गावरचं वडसा हे एकच स्टेशन होतं. त्याच वडशात झाडीपट्टी नाटकांच्या मंडळांची कार्यालयं थाटली गेली, दिवाळीनंतरच्या प्रयोगांचं बुकिंग तिथेच होतं. रेल्वे आणि बाजार एका जागी आले की काय फुलतं, ते तिथे जाऊन पाहावं. आता वडसा–गडचिरोली नवी लाईन होते आहे. चांदा फोर्टचं अमृत भारत योजनेत रूप पालटलं. सगळीकडे नवं येतंय, आणि नव्याच्या घाईत जुन्याकडे ठेकेदाराच्या वजनकाट्यानेच पाहिलं जातं.

म्हणून नागभीड नगर परिषदेला विनंती आहे: ठराव घ्या. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे लेखी मागा की नॅरोगेजचा एक डबा, रुळाचा एक तुकडा, स्टेशनांच्या जुन्या पाट्या, तिकिटं, कंदील आणि वेळापत्रकं नागभीडला मिळावीत. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, ते चांगलंच आहे, पण ज्या गावाला या गाडीने घडवलं त्या गावातल्या पोराने ती पाहायला नागपूर का गाठावं? लाईनीवरच्या जुन्या इमारतींपैकी ज्या उभ्या आहेत त्यांची मोजणी करा, फोटो काढा, पाडण्याआधी विचारा. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला 1999 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आम्ही तेवढं मागत नाही. एक खोली आणि एक शेड मागतो.

गोंडवाना विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि आसपासच्या महाविद्यालयांनी या उन्हाळ्यातच मुलं पाठवावीत. निवृत्त गार्ड, ड्रायव्हर, गँगमन, पॉइंट्समन, फलाटावर चणे-फुटाणे विकणाऱ्या बाया यांच्याकडे बसा, बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, झाडीबोलीत बोलले तर झाडीबोलीतच ठेवा. लोखंड गोदामात पडून राहील, माणसं थांबणार नाहीत.

ज्यांच्या घरी या गाडीचा एखादा जुना फोटो, पास, तिकीट, वडिलांचा रेल्वेचा बिल्ला पडला असेल, त्यांनी तो रद्दीत देऊ नये. आपल्या गावच्या वाचनालयात नेऊन दाखवा, मागे नाव आणि साल लिहा, आणि ग्रंथपालाला एक फाईल उघडायला सांगा.